पेटका आला म्हणजे नेमकं काय आलं?



आजचा भाग आपण काशीतून करतो आहोत. मी बसलोय ती जागा मंगला गौरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाली पंचगंगा घाट, शेजारी दुर्गाघाट, ब्रह्माघाट. मराठी माणसाला या गल्ल्यांत परकं वाटत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं इथे नांदत आली आहेत. ब्रह्माघाटाला नाना फडणविसांचा वाडा आहे, पंचगंगेवर अहिल्याबाईंच्या नावाची दगडी दीपमाळ आहे. एकनाथ महाराजांनी आपलं भागवत १५७३ साली या काशीतच पुरं केलं. बोलता बोलता मध्येच देवळातली घंटा वाजली, एखादं माकड पत्र्यावरून धावलं, तर सांभाळून घ्या. ते इथले रहिवासी आहेत, पाहुणा मी आहे.

आजचा विषय एका शब्दाएवढा आहे. पेटका.

तुम्ही म्हणाल, निवृत्त फौजी माणूस सीमेवर बोलेल, शिस्तीवर बोलेल, हे पेटक्याचं काय काढलंय? तर मी होतो पायदळात. पायदळाचं सगळं पायांवर. तोफा, गाड्या, रेशन सगळं जागेवर असलं आणि जवानाची पोटरी ऐनवेळी आवळली, तर तो एक माणूस थांबतो, त्याला धरायला दोघं थांबतात, आणि बघता बघता अख्खी तुकडी रेंगाळते. त्यामुळे नोकरीभर मी दोन गोष्टी नीट ऐकल्या. एक, जवान काय म्हणतो. दुसरी, तो ज्या शब्दांत म्हणतो ते शब्द. आज त्या शब्दांबद्दलच बोलणार आहे.

आधी पेटका म्हणजे काय ते साध्या भाषेत बघू. आपला स्नायू दोनच कामं करतो, आवळतो आणि सैल पडतो. परेडच्या मैदानावर 'सावधान' म्हटलं की जवान ताठ होतो, 'विश्राम' म्हटलं की सैल होतो. पेटका म्हणजे असा स्नायू, ज्यानं हुकूम नसताना स्वतःच 'सावधान' घेतलंय आणि 'विश्राम' त्याला ऐकूच येत नाहीये. तो कोणी मुद्दाम आणत नाही, आणि मनात आणून तो सुटतही नाही. हात लावून बघा, जागा दगडासारखी लागते. काही सेकंद, कधी काही मिनिटं. मग जसा आला तसा जातो, मागे थोडा ठणका ठेवून.

यात एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, आवळायला ताकद लागते आणि सैल पडणं फुकट आहे. तसं नाही. स्नायूच्या आतले धागे एकमेकांना धरतात, आणि ती पकड सुटायलाही शरीराला इंधन खर्च करावं लागतं. माणूस गेल्यावर शरीर काही तासांनी ताठर का होतं? इंधन संपतं आणि पकडी सोडायला कोणी उरत नाही, म्हणून. तेव्हा थकलेला, तहानलेला, उन्हात तापलेला स्नायू सुटायला कुरकुरतो, यात नवल नाही. रात्री झोपेत येणारे पेटके हा जरा वेगळा प्रकार. ते वयाबरोबर वाढतात, गरोदरपणात येतात, मधुमेहात येतात, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असल्या तर येतात.

आता शब्दांकडे वळू. पेटका हा या घराण्यातला एक भाऊ. त्याची भावंडं बघा.

पायात येतो तो पेटका. कुणी म्हणतं वांब आला, कुणी म्हणतं गोळा आला. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, तिथे पायात 'गोये' येतात. काही घरांत 'शिरेवर शीर चढली' म्हणतात. पोटात येतो तो मुरडा. पाठीत किंवा बरगडीत भरते ती चमक किंवा उसण. कंबरेत भरते ती लचक. मान मात्र 'धरते'. छातीत, दाढेत, कुठेही अचानक उठून जाते ती कळ. प्रसूतीच्या त्या कळा किंवा वेणा. खोकल्याची येते ती उबळ. श्वासाच्या पडद्याला झटका बसून घशात 'हिक्' वाजतं ती उचकी. सगळं अंग ताठ होऊन झटके देतं ती आकडी. जबडा आवळून बसतो ती दातखीळ. प्राण जाताना दिले जातात ते आचके.

ही यादी मी विद्वत्ता दाखवायला वाचत नाही. यातला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला तीन गोष्टी आपोआप सांगतो: जागा कोणती, टिकणार किती, आणि घाबरायचं किती. सुनेनं फोनवर 'बाबांच्या पोटरीत गोळा आलाय' असं सांगितलं तर मुलगा ऑफिसातच बसून म्हणतो, तेल चोळ. 'बाबांना आकडी आली' म्हटलं तर तो गाडीची किल्ली शोधतो. पाठ करून न घेता प्रत्येक मराठी घराला ही वर्गवारी येते. कुठल्याही मेडिकल कॉलेजात न जाता आजीला येते.

आणखी एक बारीक फरक बघा. मंगला गौरीच्या दारात बसून मंगळागौरीची आठवण काढली नाही तर चुकल्यासारखं होईल. श्रावणातल्या मंगळवारी नव्या सुना पूजा करतात आणि रात्र जागवतात. फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या. ज्यांना वाटतं हे बायकांचे हलकेफुलके खेळ आहेत, त्यांनी वीस मिनिटं बसफुगडी घालून दाखवावी. आमच्या बीपीईटीच्या पाच किलोमीटरच्या दौडीनंतर जे पाय होतात, तेच होतात. खेळता खेळता मध्येच पोटरी आवळली तर बाई म्हणते 'गोळा आला'. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात तेव्हा म्हणते 'पाय भरून आलेत'. दोन वेगळे शब्द, आणि शरीरशास्त्रातही त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. पहिला क्षणात येतो आणि ताणलं की सुटतो. दुसरं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दोन-तीन दिवस राहतं आणि विश्रांतीनं जातं. पंढरीच्या वाटेवर पुण्याहून सासवडचा लांबलचक टप्पा आणि मधला दिवेघाट चढलेल्या वारकऱ्याला विचारा. तो दोन्ही शब्द अचूक वापरतो.

हे शब्द शरीरातून मनातही शिरले आहेत. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो, आणि तेव्हा कोणी ओवा मागत नाही. रागाची उबळ येते, कविता लिहिण्याचीही येते. खोकल्यासारखीच ती दाबता येत नाही आणि ओसरली की माणूस दमतो. जुनी मोटार आचके देत चढ चढते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

या सगळ्यात 'कळ' तर बहुगुणी आहे. कळ येते, कळ दाबली की दिवा लागतो, दोघांत कळ लावून तिसरा मजा बघतो. आणि एक आहे 'कळ काढणं'. 'जरा कळ काढ' म्हणजे थोडं सोस, थोडा धीर धर. कळ आली तर ती ओसरेपर्यंत सोसायची, हा आपल्या भाषेनं दिलेला सल्ला आहे. हा शब्द लक्षात ठेवा. त्याचं काम पुढे पडणार आहे.

आता थोडं मागे जाऊ. काशीत बसलोय म्हणून सांगतो, सुश्रुतसंहितेत सुश्रुताचा गुरू आहे दिवोदास धन्वंतरी, काशीचा राजा. त्या ग्रंथात शरीर धनुष्यासारखं वाकवणाऱ्या रोगाचं वर्णन आहे, धनुःस्तंभ. आपला 'धनुर्वात' त्याचाच वारस. चरकानं वाताचे ऐंशी विकार मोजले, त्यात एक आहे पिंडिकोद्वेष्टन. पिंडिका म्हणजे पोटरी, उद्वेष्टन म्हणजे पिळवटणं. पिंड म्हणजे तरी काय? गोळाच. म्हणजे चरकाची पिंडिका आणि आपल्या आजीचा 'पोटरीत गोळा' एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

सर्वांगाला झटके देणाऱ्या विकाराला त्या ग्रंथांत 'आक्षेपक' म्हणतात. आणि आज आपण 'माझा आक्षेप आहे' असं सोसायटीच्या सभेत म्हणतो. काही सभा पाहिल्यावर मला वाटतं, जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही.

असे रोजच्या बोलण्यातले शब्द जतन करायचं मोठं काम ज्यांनी केलं, त्यात एक आमच्याच पेशाचा माणूस होता. मोल्सवर्थ. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये आला, दुसरी आवृत्ती १८५७मध्ये. त्याच्याबरोबर काम करणारे कँडी बंधू. पंडितांना हाताशी घेऊन या मंडळींनी मराठी शब्द गोळा केले, पोथीतले तसे बाजारातले. फौजेतल्या माणसाला कोश करावासा वाटला याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्याच्या हाताखाली माणसं असतात, त्याला त्यांचं दुखणं त्यांच्या शब्दांत कळावं लागतं.

पण शब्द नेमका असून भागत नाही, तो पोचावाही लागतो. याचं उदाहरण मी इथेच, पंचगंगेच्या पायऱ्यांवर पाहिलं.

कार्तिक महिना होता. कार्तिकात पहाटे पंचगंगेवर स्नानाला गर्दी असते. पाणी गार, आणि या घाटाच्या पायऱ्या खड्या उभ्या. महाराष्ट्रातून आलेल्या एक आजी स्नान करून वर चढत होत्या. मध्येच मटकन बसल्या. 'अगं बाई, पेटका आला, पेटका!' जवळच एक नाववाला होता. भला माणूस, धावत आला. पण त्याच्या कानांनी काय ऐकलं? 'पेट का.' तो विचारतो, 'पेट में का भयल, माताजी?' आजी म्हणतात, 'पेटका, पेटका!' तो म्हणतो, 'हाँ हाँ, पेट का, समझ गइली.' आणि त्यानं पोराला हाजमे की गोली आणायला पिटाळलं. आजी पोटरी धरून कळवळताहेत आणि चार माणसं त्यांच्या पोटाची चौकशी करताहेत. शेवटी वरच्या गल्लीतल्या एक मराठी काकू खाली उतरत होत्या. त्यांचा जन्मच काशीतला. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि ओरडल्या, 'अरे भइया, इनकी नस चढ़ गई है!' बस्स. नाववाल्यानं तत्क्षणी टाच हातात घेतली, पायाची बोटं आजींच्या गुडघ्याच्या दिशेनं हळूहळू दाबली, मिनिटभर तशीच धरून ठेवली. गोळा सुटला. म्हणजे उपाय त्याला आधीपासून येत होता. रोज पाण्यात असणारा माणूस तो, त्याला येणारच. अडलं होतं ते फक्त शब्दापाशी.

मला त्या काकूंचं फार कौतुक वाटलं. काशीतल्या मराठी माणसांच्या बोलण्यात हे सारखं दिसतं. घरात मराठी, गल्लीत बनारसी, आणि दोन्हींच्या मध्ये उभं राहून पूल होण्याची सवय. तुमच्यापैकी कोणी इंदूरला असेल, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

पेटका हे एकच उदाहरण नाही. आपली 'कळ' हिंदी कानाला 'कल' लागते. 'छातीत कळ आली' असं म्हणालात तर समोरचा विचारेल, कल आई थी? तो काल-उद्याच्या हिशेबात, तुम्ही छातीच्या. आपली पाठीतली 'चमक' हिंदीत नुसती झळाळी. उलट बाजूनं बघा. हिंदीत 'दौरा पड़ा' म्हणजे आकडी आली किंवा हृदयविकाराचा झटका आला. मराठीत दौरा मंत्र्यांचा असतो. 'झटका' तर सगळ्यांत फसवा. मराठीत 'त्यांना झटका आला' म्हटलं की बहुतेकांच्या मनात हृदय येतं, काहींच्या मनात अर्धांगवायू. हिंदीत 'झटके आ रहे हैं' म्हणजे अंग झटके देतंय, आकडी. आता रात्री दोन वाजता परक्या गावात अँब्युलन्सला फोन करून तुम्ही नुसतं 'झटका आया है' म्हणालात, तर पलीकडचा माणूस कशाची तयारी करेल?

फौजेत हा प्रश्न रोजचा. एका प्लाटूनमध्ये पाच प्रांतांची माणसं असू शकतात. एम.आय. रूमच्या बाहेर सकाळी सिक रिपोर्टला रांग लागते आणि प्रत्येकजण आपल्या गावचं दुखणं फौजी हिंदीत सांगू पाहतो. अनुभवी नर्सिंग असिस्टंट काय करतो? तो शब्दावर वाद घालत नाही. म्हणतो, 'हाथ रख के दिखा, कहाँ.' मग, 'कब से?' मग, 'क्या कर रहा था?' जागा, वेळ, काम. या तीन प्रश्नांत निम्मं निदान होतं. तुम्हीही तेवढंच पाठ करा.

आता 'कळ काढण्या'कडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे.

फौजेत आणि शेतात, दोन्हीकडे सोसणाऱ्याचं कौतुक होतं. पुष्कळदा ते योग्यही असतं. मध्यरात्री पोटरीत पेटका आला तर ताणा, चोळा, कळ काढा, झोपा. पण उन्हातला पेटका वेगळा. एकदा राजस्थानात, मे महिन्यात, पाठीवर पिठ्ठू घेऊन तुकडी चालत होती. एक तगडा जवान आधी पोटरी चोळायला थांबला. थोड्या वेळानं मांडी. मग त्याच्या पोटाचे स्नायू आवळायला लागले. विचारलं तर म्हणतो, 'कुछ नहीं साब, नस चढ़ी है.' त्याचा हवालदारही म्हणाला, पोरगा टणक आहे, काढेल कळ. पण सोबतच्या नर्सिंग असिस्टंटनं ऐकलं नाही. त्यानं जवानाचा पिठ्ठू उतरवला, सावलीत आडवा केला, बूट-पट्टे सैल केले, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं आणि मला सांगितलं, 'साब, आज ये नहीं चलेगा.' तो त्या दिवशी चालला नाही. दुसऱ्या दिवशी बरा होता.

त्या नर्सिंग असिस्टंटला काय ठाऊक होतं? उन्हात घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातात आणि राबलेल्या स्नायूंना पेटके येतात. एका जागचा पेटका दुसऱ्या, तिसऱ्या जागी सरकायला लागला, तर शरीर पहिली सूचना देतंय. ती ऐकली नाही तर पुढे गरगरणं, मळमळ, आणि त्याहून पुढे उष्माघात. उष्माघातात शरीराचं तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून उन्हातला पेटका सोसायचा नाही, सांगायचा. ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरावर, भरतीसाठी पळणाऱ्या पोरांच्या मैदानावर, सगळीकडे. विशेषतः भरतीच्या पोरांना सांगतो. पेटके येत असताना पळत राहणं ही मर्दुमकी नाही. भरती पुढच्या वर्षीही असते.

मीठ-साखरेचं पाणी म्हणजे काही फौजी गुपित नाही. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हीच जलसंजीवनी. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीची साथ आली. पटकीत पाणी इतकं जातं की हातापायांत भयंकर पेटके येतात. सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि असंख्य जीव वाचवले. म्हणून जुलाबाच्या रोग्यानं 'पायात गोळे येताहेत' म्हटलं तर पाय चोळत बसू नका. त्याला आधी पाणी पाजा आणि दवाखान्यात न्या.

दुसरा शब्द, आकडी. काही ठिकाणी फेफरं, मिरगी. या शब्दानं आपल्याकडे माणसं आजारापेक्षा जास्त मारली आहेत. मुलीला लहानपणी दोनदा आकडी आली हे घरानं वीस वर्षं लपवायचं, आणि लपवायचं म्हणून गोळ्याही चोरून द्यायच्या. कायद्यानंही काही काळ हेच केलं. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीनंतर वारंवार येणारी फेफरं ही लग्नाच्या आड येणारी बाब म्हणून वेडाच्या शेजारी लिहिलेली होती. १९९९मध्ये तो शब्द काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला, स्थळं बघणाऱ्यांच्या बैठकीतून अजून जायचाय. मेंदूतल्या विजेची क्षणिक गडबड, आणि बहुतेकांना औषधांनी ताब्यात राहणारी. यात लाज कसली?

कोणाला समोर आकडी आली तर काय करायचं? कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका, हातात किल्ल्या देऊ नका. दातांत चमचा तर मुळीच घालू नका, दात तुटतात. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही द्या, माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा एक थांबून लगेच दुसरी आली, तर १०८ला फोन. आणि फोनवर 'झटका' म्हणू नका. म्हणा: पूर्ण अंग ताठ होऊन झटके देतंय, शुद्ध नाही, इतकी मिनिटं झाली.

तिसरा शब्द, छातीतली कळ. इथे तर आपली भाषा आपल्यालाच फसवते. 'गॅस धरलाय', 'उसण भरलीय', 'जरा कळ काढतो, जाईल'. उसण असेल तर वाकलं, वळलं, श्वास घेतला की टोचते आणि बोटानं जागा दाखवता येते. पण छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर ती कळ काढायची नाही. ती डॉक्टरांपुढे ठेवायची, आणि तीही त्याच तासात. माझ्या वयाच्या पुरुषांना हे मुद्दाम सांगतो. आयुष्यभर आपण दुसऱ्याला 'कळ काढ' सांगत आलो. आता स्वतःला ते कधी सांगायचं नाही, एवढं शिकायला हवं.

आणि चौथा, दातखीळ. जखम होऊन काही दिवसांनी जबडा आवळायला लागला, गिळता येईना, तर धनुर्वाताची शंका. पूर्वी बाळंतघरात अस्वच्छ हत्यारानं नाळ कापल्यामुळे कोवळी अर्भकं यानं जायची. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर भारतात माता आणि नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५मध्ये जाहीर झालं. आपल्या पिढीनं पाहिलेला हा मोठा विजय आहे. पण शेतात लोखंड लागलं तर डॉक्टरांना दाखवून इंजेक्शनचं विचारायचं, हे नातवाला सांगणं चालू ठेवा.

घाटावर येणाऱ्यांसाठी दोन शब्द. गार पाण्यात एकदम उडी मारू नका. आधी पाय, मग हात, मग अंग. साखळी धरा. पाण्यात पेटका आलाच तर हातपाय झाडू नका, उताणे व्हा, तरंगत राहा, एका हातानं पायाची बोटं स्वतःकडे ओढा आणि हाक मारा. इथे असाल तर हाक अशी मारा: 'भइया, नस चढ़ गई, पैर में!' आपला पेटका घरी परतल्यावर.

म्हणजे मी आपले शब्द सोडायला सांगतोय का? अजिबात नाही. हल्ली घरोघरी ऐकतो, पायात 'क्रॅम्प' आला, पोटात 'क्रॅम्प' आला, पाठीतही 'क्रॅम्प' आला. इंग्रजी शब्द वापरायला माझी ना नाही, फौजेत निम्मं आयुष्य त्याच भाषेत गेलं. पण पाच वेगळ्या दुखण्यांना एकच शब्द लावला की ऐकणाऱ्याला पुन्हा पाच प्रश्न विचारावे लागतात. आपल्याकडे पाच शब्द तयार आहेत. नातवंडांपुढे ते वापरा. ती आज हसतील. उद्या डॉक्टर झाली आणि खेड्यातल्या आजीनं 'वांब येतंय रे बाबा' म्हटलं, तर तोंडाकडे बघत बसणार नाहीत.

एक काम देतो आणि थांबतो. या भागाखाली तुमच्या घरात, तुमच्या गावात पेटक्याला काय म्हणतात ते लिहा. गावाचं नाव लिहा, कोणत्या जागच्या दुखण्याला म्हणतात ते लिहा. कोकणातले, खानदेशातले, बेळगाव-कारवारकडचे, तंजावरचे, गोव्याचे, आणि परदेशात राहणारेही. जागा, वेळ, काम, हे तीन प्रश्न मात्र फोनच्या शेजारी चिकटवून ठेवा.

बराच वेळ एका जागी बसलो की माझ्याही पोटरीत गोळा येतो. तेव्हा उठतो.

जय हिंद.